वजनकाटा, लाइनदोरी आणि रेसची गाडी

रेसची गाडी एवढी महाग का असते, हे नीट समजलं तर ती स्वस्तात बांधण्याचा विचार तरी करता येतो. बहुतेकांना वाटतं की सगळा पैसा इंजिनात जातो. काही जातोच. पण मोठ्या संघांचा बराचसा पैसा खात्री विकत घेण्यात जातो. हा बोल्ट तुटणार नाही, या जोडात आत कुठे भेग नाही, हा टायर दहाव्या फेरीतही पहिल्या फेरीसारखाच धरेल. तिथे प्रत्येक वस्तूबरोबर एक कागद येतो आणि पुष्कळदा त्या कागदाची किंमत वस्तूपेक्षा जास्त असते. ज्याच्या खिशाला तो कागद परवडत नाही, त्याला खात्री स्वतःच तयार करावी लागते. मोजून, वाकवून, तोडून, लावलेलं पुन्हा उघडून बघून. मी आणि माझा मित्र घरच्या शेडमध्ये गाडी बांधायला लागलो तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आपण गाडी बांधतोय. प्रत्यक्षात आमचा निम्म्याहून जास्त वेळ खात्री करून घेण्यात गेला, आणि आज मागे वळून बघताना तोच भाग सगळ्यात रंगतदार वाटतो.

ही हौस जुनी आहे. 1922 मध्ये इंग्लंडात ऑस्टिन सेव्हन नावाची एक चिमुकली गाडी आली. पुढे तिचं इंजिन 747 सीसीचं झालं, आणि चॅसिस म्हणजे ‘ए’ या अक्षरासारखी साधी चौकट. 1939 पर्यंत ती बनत राहिली, लाखांनी खपली, आणि म्हणूनच नंतर तिचे सांगाडे भंगाराच्या भावात मिळू लागले. मला विचाराल तर या गाडीनं रेसिंगला जे दिलं, ते ती म्हातारी झाल्यावर दिलं. 1939 मध्येच या गाडीच्या चाहत्यांसाठी 750 मोटर क्लब स्थापन झाला आणि पुढे त्याच्या आसऱ्यानं घरगुती रेसगाड्यांची एक पिढीच्या पिढी उभी राहिली. पुढे लोटस ही रेसगाड्यांची कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमननं 1948 मध्ये बांधलेली पहिली लोटस म्हणजे एक जुनी ऑस्टिन सेव्हन, मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये उकलून पुन्हा रचलेली. तिकडे न्यूझीलंडमध्ये, पुढे मॅक्लारेन हा रेसिंग संघ उभारणाऱ्या ब्रूस मॅक्लारेननं पोरवयात शर्यतीचे पहिले धडे गिरवले तेही ऑस्टिन सेव्हनवरच.

चॅपमनची एक युक्ती तर पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे. ऑस्टिनच्या चार सिलिंडरांना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत घ्यायला मिळून दोनच वाटा होत्या. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच वाटेनं ओढायचे आणि एकमेकांच्या तोंडचा घास पळवायचे. त्यानं त्या वाटेत मधोमध पडदा घातला. दोनाच्या चार वाटा झाल्या, प्रत्येक सिलिंडरला आपापला हिस्सा मिळू लागला. 1951 मध्ये त्याची गाडी इतरांच्या पुढे निघून जायला लागली आणि नंतर नियम करून ती युक्तीच बंद करावी लागली. खर्च किती, तर जवळजवळ काहीच नाही. त्यामागे होतं ते फक्त इतकंच की हवा कुठून कुठे जाते, याचा कुणीतरी बसून विचार केला.

पण मला इंग्लंडच्या कूपर बापलेकांची गोष्ट याहून जवळची वाटते. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, सगळ्याचीच टंचाई. चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी 1946 मध्ये 500 सीसीच्या वर्गासाठी गाडी करायला घेतली. फियाटच्या टोपोलिनो या छोट्या गाडीची पुढची चाकं प्रत्येकी स्वतंत्रपणे वर-खाली होत. बापलेकांनी अशा दोन गाड्यांचे पुढचे भाग घेतले आणि पाठीला पाठ लावून जोडून टाकले. झालं, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, तेही कुठलाही नवा भाग न घडवता. इंजिन मोटरसायकलचं, एकाच सिलिंडरचं, जेएपी कंपनीचं. हे इंजिन साखळीनं चाक फिरवतं, आणि साखळी लांबच लांब नेणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून इंजिन मागच्या चाकांजवळ ठेवलं, म्हणजेच ओघानंच चालकाच्या पाठीमागे. महायुद्धाआधी जर्मनीच्या ऑटो युनियन कंपनीनं इंजिन मागे ठेवलं होतं हे खरं, पण तो धागा युद्धात तुटला होता. कूपरनी तो सोय म्हणून पुन्हा उचलला. नंतर लक्षात आलं की असं केल्यानं गाडी हलकी होते, बुटकी होते आणि वळणावर चपळ होते. 1959 आणि 1960 मध्ये चालक जॅक ब्रॅबम लागोपाठ फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला तो कूपरमधून. 1960 च्या इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीनंतर पुढे इंजिन असलेल्या गाडीनं फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची एकही शर्यत जिंकलेली नाही.

यावरून टंचाईतच कल्पकता फुलते वगैरे निष्कर्ष काढायला मी तयार नाही. जिंकलेल्यांच्या कथा उरतात. ज्यांच्या घरगुती गाडीचं चाक पहिल्याच वळणावर निखळलं, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. टंचाईचा फायदा एकच: एखादा भाग नुसता बदलून टाकणं परवडत नाही, त्यामुळे तो कसा काम करतो हे समजून घ्यावंच लागतं.

आता पैशाकडे येऊ. सुटे भाग एकेक करून गोळा करायचे, की एक अख्खी गाडी घ्यायची? अख्खी गाडी. बाहेरून चेपलेली, पण चालू इंजिनाची. तिच्यातून इंजिन, गियरबॉक्स, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रेक, स्टिअरिंग रॅक, पेडल, वायरिंग सगळं मिळतं, आणि मुख्य म्हणजे हे भाग एकमेकांना आधीच ओळखत असतात. एका गाडीचा हब आणि दुसरीची डिस्क यांची सोयरीक जुळवायला लेथवाल्याकडे जितके पैसे जातात, तितक्यात भाग काढायला घेतलेली अशी अर्धी डोनर गाडी येते. काढून उरलेलं सगळं विकायचं. दारं, काचा, सीटं, दिवे, अगदी हॉर्नसुद्धा.

आम्ही पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली आणि ती माझ्या ताब्यात ठेवली, कारण मित्राचा हात सढळ. त्या वहीनं दाखवून दिलं की पैसे मोठ्या वस्तूंवर उडत नाहीत. इंजिन एकदाच घ्यावं लागतं. पण ग्राइंडरच्या चकत्या, ड्रिलचे बिट, वेल्डिंगची तार आणि गॅस, नायलॉक नट, वॉशर, क्लॅम्प, गॅस्केट, ब्रेक ऑइल, रंग, थिनर ही यादी कधी संपतच नाही. कुठलाही हौशी माणूस अंदाजपत्रक मांडतो तेव्हा हे सगळं ‘किरकोळ’ या एका ओळीत टाकतो. शेवटी ती ओळच सगळ्यात जाड होते.

मोटरसायकलचं इंजिन घ्यावं की कारचं, यावर आमचे वाद रात्र रात्र चालले. मोटरसायकलचं इंजिन हलकं, जोमदार, गियरबॉक्स त्याच्याच पोटात, गियर पटापट पडतात. रिव्हर्स नसतो, तो ढकलून भागवता येतो. क्लच बिचारा जेमतेम दुचाकीचं वजन ओढायला बनवलेला, त्याला गाडी सुटताना घाम फुटतो. पण खरी गोम तेलात आहे. दुचाकी वळताना आडवी होते, त्यामुळे तिच्या तळातलं तेल तळातच राहतं. हेच इंजिन चारचाकीत बसवलं की ते वळणावर सरळ उभं राहतं आणि तेल एका बाजूला चढतं. तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड क्षणभर उघडं पडतं, पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि तेवढ्या क्षणात क्रँकची बेअरिंग जातात. उपाय स्वस्त आहे: तेलाच्या टाकीत पत्र्याचे आडवे-उभे पडदे घालायचे, म्हणजे तेल एकदम एका कडेला धावत नाही. तो पत्रा कापायला एक संध्याकाळ लागते आणि त्या संध्याकाळीवर सगळं इंजिन अवलंबून असतं. अशा इंजिनाच्या गाडीत तेलाच्या दाबाचा मोठा लाल दिवा डोळ्यांसमोर हवा. घड्याळासारखा काटा नको, कारण वळणावर काट्याकडे बघायला कुणाला फुरसत असते?

चॅसिसचं काम जमिनीवर खडूनं सुरू झालं. मी जमिनीवर बसलो, पाय पुढे, हात काल्पनिक स्टिअरिंगवर, आणि मित्रानं माझ्याभोवती रेघ मारली. गाडी माणसाभोवती बांधायची असते. मग पुठ्ठा, मग बाल्सा लाकडाच्या काड्यांचं छोटं मॉडेल. हे मॉडेल शोभेसाठी केलेलं नसतं. दोन टोकं दोन हातांत धरून पिळून बघायचं. कुठे पिळलं जातंय, ते बोटांना लगेच कळतं. चौकोनाला एक तिरपी काडी लावली की तो त्रिकोणांत मोडतो आणि ताठ होतो, हे शाळेत शिकलेलो असतो, पण ते बोटांना कळणं वेगळं. सगळ्यात दुबळी जागा कुठली, तर जिथे माणूस बसतो ती. तिथे वरून मोठं भोक असणारच, तिरपी काडी घालता येत नाही, नाहीतर बसणार कसं? म्हणून मधला बोगदा, सीटमागची भिंत आणि डॅशबोर्डखालची चौकट त्रिकोणांनी भरून काढायची.

एवढा पिळाचा ध्यास कशाला? कारण चॅसिस पिळत असेल तर तीही एक स्प्रिंगच झाली, आणि तिच्यावर आपला ताबा नाही. मग मूळ स्प्रिंग कितीही बदला, गाडी वळणावर काय करेल ते सांगता येत नाही.

आम्ही 25 मिलिमीटरचे चौकोनी पाइप घेतले, भिंतीची जाडी 1.6 मिलिमीटर. चौकोनी का, तर कापायला आणि जोडायला सोपे. गोल पाइप वजनाच्या मानानं पिळाला जास्त ताठ असतो, पण त्याच्या टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच पाडावी लागते, आणि ती नीट बसेपर्यंत कानशीनं हात भरून येतात. सांधा जुळला नाही तर फट भरायला वेल्ड ओतावं लागतं, आणि फट भरलेला सांधा म्हणजे वरून गुळगुळीत खोटेपणा.

वेल्डिंग आम्हाला एका काकांनी शिकवलं. आयुष्यभर हेच केलेले. पहिल्या दिवशी त्यांनी दोन तुकडे जोडून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, “तोड.”

“काका, तुम्ही केलेलं?”

“मग? माझं तोड, नंतर तुझं तोड. न तोडता काय कळणार?”

व्हाइसमध्ये पकडून हातोडा हाणला. त्यांचा जोड वाकला, वाकला आणि शेवटी फाटला तो शेजारचा पाइप. जोड जसाच्या तसा. चांगल्या वेल्डची ओळख हीच. मिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे तार सतत पुढे सरकत वितळते त्या प्रकारात, करंट कमी पडला तर वर सुंदर खवल्यांची माळ उठते, पण खालचं लोखंड वितळलेलंच नसतं. तार नुसती वर चिकटून बसते. दिसण्यावरून कळत नाही. म्हणून गाडीला हात लावण्याआधी रोज तेच पाइप, तीच जाडी, तोच करंट घेऊन एक नमुना जोडायचा आणि तोडायचा, हा काकांचा दंडक. मशीनला गाडी दाखवायची नाही, आधी भंगार दाखवायचं, असं ते म्हणत. आणि पूर्ण वेल्ड कधीही एका टोकाकडून दुसरीकडे ओढत न्यायचं नाही. आधी सगळीकडे टाके मारायचे, गुण्या लावून कोपरे बघायचे, कर्ण मोजायचे, मग इकडे थोडं, समोरच्या बाजूला थोडं. उष्णतेनं लोखंड ओढलं जातं, आणि एका बाजूनं तापवलेली चौकट केळ्यासारखी वाकते. समोरासमोरचे दोन्ही कर्ण जुळले की काका काही बोलायचे नाहीत, फक्त विडी पेटवायला बाहेर जायचे. ती आमची पावती.

वजन उतरवणं हा फुकटातला वेग आहे. दुप्पट ताकद मिळवायला पैसा लागतो, वजन काढायला लागते ती करवत आणि थोडा निर्दयपणा. वजन कमी झालं की गाडी वेग घेते, थांबते आणि वळते, तिन्ही गोष्टी सुधारतात. ताकदीनं फक्त पहिली सुधारते. पण याचाही अतिरेक होतो. ब्रॅकेटना भोकं पाडत सुटलेल्या मित्राच्या हातातून ड्रिल काढून घ्यावं लागलं. चाकाकडचं वजन मात्र जितकं उतरेल तितकं उतरवावं. स्प्रिंगच्या पलीकडे जे असतं, हब, डिस्क, टायर, ते हलकं असेल तर खड्ड्यावरून चाक लवकर परत जमिनीवर येतं, आणि पकड असते ती जमिनीवर असलेल्या चाकालाच.

काटकसर कुठे थांबवायची, याचं माझ्या मते सगळ्यात शहाणं उत्तर अमेरिकेत 2006 मध्ये सुरू झालेल्या ‘24 अवर्स ऑफ लेमन्स’ या शर्यतीच्या नियमांत आहे. टिंगलटवाळीची शर्यत, अट अशी की गाडी 500 डॉलरची असावी. पण त्या पाचशेत सुरक्षेचं सामान मोजत नाहीत. रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा), सीट, पट्टे, ब्रेक यांवर हवे तेवढे खर्च करा. एवढ्या थट्टेखोर मंडळींनीसुद्धा इथे थट्टा केलेली नाही. आम्हीही वहीत त्यासाठी वेगळं पान केलं आणि त्या पानावरची बेरीज कधी करायची नाही असं ठरवलं.

त्या पानावर जुनं काही चालत नाही. हेल्मेट एकदा आपटलं की बाहेरून कितीही कोरं दिसो, आतला फोम चेपलेला असतो. तो धक्का एकदाच खातो. सीटच्या पट्ट्यांवर मुदत छापलेली असते, कारण उन्हानं आणि वापरानं धागा कमजोर होतो. खांद्याचे पट्टे मागे फार खाली उतरत बांधले तर टकरीत ते माणसाला मागे धरून न ठेवता मणक्यावर खाली दाबतात, म्हणून ते जवळजवळ खांद्याच्या पातळीत मागे न्यायचे. रोल केजची डोक्यामागची कमान हेल्मेटपेक्षा उंच हवी, आणि तिला पाण्याचा पाइप अजिबात चालत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट 4 दर्जाचं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल शिरलेलं 155 ला उकळू शकतं. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला टेकतं. उघडून ठेवलेली अर्धी बाटली ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून वापरणं ही काटकसर नव्हे.

बाकी सगळीकडे मात्र मोजणं हेच आमचं भांडवल. चाकं सरळ आहेत का हे बघायला यंत्र नव्हतं, लाइनदोरी होती. गाडीच्या दोन्ही बाजूंना, दोन्हीकडे सारखं अंतर राखून दोऱ्या ताणायच्या, आणि रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायचं. फरक आला की चाक किती आत किंवा बाहेर बघतंय ते कळलं. कॅम्बरसाठी, म्हणजे चाक उभ्या रेषेपासून किती कललंय ते बघायला, ओळंबा. स्प्रिंग काढून चाक जॅकनं हळूहळू वर नेलं आणि ते स्वतःहून वळतंय का पाहिलं, कारण खड्ड्यावर स्वतःच स्टिअरिंग फिरवणारी गाडी फार थकवते.

चार चाकांवरचा भार मोजायला आम्ही घरात माणसं वजन करतात ते काटे वापरले. एका काट्याची झेप चाकाच्या भाराइतकी नसते. म्हणून फळीचं एक टोक काट्यावर, दुसरं तितक्याच उंचीच्या ठोकळ्यावर, आणि चाक बरोबर मधोमध. काटा निम्मं वजन दाखवतो, दुप्पट करायचं, फळीचं वजन वजा करायचं. मी चालकाच्या जागी बसलेलो, मित्र वाकून आकडे वाचतोय. समोरासमोरच्या तिरक्या जोड्यांची बेरीज सारखी आली पाहिजे. नाही आली तर एका कोपऱ्याची स्प्रिंग थोडी वर घ्यायची. मौज अशी की त्यानं त्या कोपऱ्यावर भार वाढतो आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यावरही. चार पायांच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली चिठ्ठी सारल्यावर काय होतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला हे समजायला गणित लागत नाही.

पैशाच्या जागी वेळ मोजण्याची परिसीमा म्हणजे बर्ट मन्रो. न्यूझीलंडच्या या गृहस्थानं 1920 ची इंडियन स्काउट मोटरसायकल दशकानुदशकं सुधारत नेली, पिस्टन स्वतः ओतले, आणि 1967 मध्ये अमेरिकेच्या बोनव्हिल मिठागरावर तिच्यावरून ताशी 184.087 मैलांचा विक्रम केला. तेव्हा मन्रो 68 वर्षांचे होते. एवढी वर्षं एकाच यंत्राशी संसार करणं मला काही झेपणार नाही, पण त्या माणसाला आपल्या इंजिनातला प्रत्येक आवाज ओळखीचा असणार याची खात्री आहे.

आमची गाडी पहिल्यांदा धावली तेव्हा ती कुणालाही सुंदर वाटली नाही. पत्रे रंगवलेले नव्हते, बोनेटचा क्लॅम्प खडखडत होता. प्रत्येक महत्त्वाच्या नटावर आम्ही पिवळ्या रंगाची रेघ ओढली होती, नट आणि बोल्टला जोडून. दोन-तीन फेऱ्या झाल्या की गाडी थांबवायची, टॉर्च घेऊन खाली शिरायचं आणि रेघा बघायच्या. रेघ तुटली असेल तर नट सरकलाय. तो दिवस तसाच गेला, चालवणं कमी आणि गाडीखाली लोळणं जास्त. शेजारच्या संघातला एक चालक, ज्याची गाडी आमच्या तीन गाड्यांच्या किमतीची असेल, बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी तो आला आणि पिवळा रंग कुठला वापरता ते विचारून गेला.

नंतर आमचा वेग बरा यायला लागला. टायर मात्र दुसऱ्या संघांनी वापरून टाकलेले घेतो. त्यांच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचून आणि रबरावर नख रोवून बघूनच घ्यायचे. रबर जुनं झालं की नक्षी कितीही शिल्लक असो, ते टणक होतं आणि निसटतं. आता मित्राचं म्हणणं असं की डेटा लॉगर, म्हणजे फेरीभर गाडीच्या वेगाची वगैरे नोंद ठेवणारं यंत्र, घ्यायला हवा, नाहीतर कुठल्या वळणावर वेळ जातोय ते कळणार नाही. मी म्हणतो, नवे टायर घेऊ, मग वेळ कुठे जातोय हे शोधायची गरज कमी होईल. त्याचा मुद्दा शास्त्रीय आहे, हे मला मान्य आहे. पण पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत, आणि वही अजून माझ्याकडे आहे.